पारख : सालिम अली, किहीम आणि एक जुनं रिव्हॉल्व्हर

किहीम म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो समुद्र, सुरूची झाडं, शहाळी आणि गेटवेवरून मांडव्याला येणारी लाँच. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. अलिबागच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. माझं आजोळ त्याच बाजूचं, चोंढी नाक्यापासून जवळ. त्यामुळे किहीम माझ्यासाठी पिकनिक स्पॉट कधीच नव्हतं. मला किहीम म्हटलं की एक माणूस आठवतो. मी त्याला पाहिलेलं नाही. १९८७ साली तो गेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आमच्या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये बसून त्याने जे पाहिलं, ते पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं आहे.

डॉ. सालिम अली. शाळेच्या पुस्तकातला फोटो आठवा : पांढरी दाढी, किडकिडीत अंगकाठी, गळ्यात दुर्बीण. सगळ्यांना ती दुर्बीण माहीत असते. पण या माणसाची सुरुवात दुर्बिणीने झाली नाही, ती झाली बंदुकीने. आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने पक्ष्यांवर लेख का लिहावा, याचं उत्तरही त्या बंदुकीतच आहे. वाचत चला, कळेल.

सालिम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंबातलं हे सगळ्यात धाकटं मूल. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं; त्यांनी या भाचरांना खेतवाडीतल्या घरी वाढवलं. मामा पक्के शिकारी. घरात शिकारीच्या गप्पा, शिकारीची पुस्तकं. मुलांमध्ये नेमबाजीच्या शर्यती लागायच्या. त्या खेळगड्यांत इस्कंदर मिर्झा नावाचा एक लांबचा भाऊ होता, नेमबाजीत एकदम तरबेज. तो पुढे १९५६ साली पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला! छोट्या सालिमचं स्वप्न काय असणार? मोठा शिकारी व्हायचं. मामांनी एक एअरगन दिली होती, आणि घराच्या आसपासच्या चिमण्या हे त्याचं जंगल होतं.

१९०८ च्या सुमारास त्याने अशीच एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा ठिपका. मामांना विचारलं. मामांना जंगलातलं बरंच कळत होतं, पण ही कुठली चिमणी ते त्यांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. ही सोसायटी १८८३ साली मुंबईत सुरू झालेली. तिचे मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड, धंद्याने फिप्सन कंपनीतले वाइनचे व्यापारी. एका गोऱ्या साहेबाकडे मेलेली चिमणी कागदात गुंडाळून घेऊन जायचं, म्हणजे पोराची काय अवस्था झाली असेल विचार करा. आपण एचओडींच्या केबिनबाहेर उभे असतो, त्याच्या शंभरपट!

मिलार्डनी पक्षी ओळखला : पिवळ्या गळ्याची रानचिमणी. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटाचे खण एकामागून एक उघडून दाखवले. त्यात पेंढा भरलेले शेकडो पक्षी ओळीने ठेवलेले होते. पुढे त्यांनी मुलाला वाचायला पुस्तकं दिली, आणि पक्ष्याचं कातडं काढून नमुना कसा तयार करायचा हे शिकायची सोयही करून दिली.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, आणि ती सांगताना जोर असतो चिमणीवर. मला त्यातली दुसरीच वस्तू महत्त्वाची वाटते. त्या खणांतल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी गोळा केला. संग्रहालयात या चिठ्ठीशिवाय पक्ष्याला किंमत नाही. पिसं कितीही सुंदर असोत, चिठ्ठी हरवली तर तो नुसता पेंढा. बंदूक चालवता येणारी मुलं त्या काळी पुष्कळ होती. सालिमच्या हाती त्या दिवशी चिठ्ठी लागली.

यानंतर तो थेट शास्त्रज्ञ झाला असं वाटत असेल तर थांबा. ज्यांना केटी लागली आहे त्यांनी पुढचा परिच्छेद जरा नीट वाचा.

शाळेत सालिमला सतत डोकेदुखीचा त्रास होता, म्हणून हवापालटाला सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावं लागलं. १९१३ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाला. सेंट झेवियर्समध्ये नाव घातलं, पहिलंच वर्ष जड गेलं आणि कॉलेज सुटलं. मग घरच्यांचा धंदा सांभाळायला ब्रह्मदेशात तव्हॉयला गेला. धंदा कसला, तर लाकूड आणि वुल्फ्रम. वुल्फ्रम म्हणजे आपलं टंगस्टन! आपल्या वर्कशॉपमधल्या हायस्पीड स्टीलच्या टूलमध्ये जे असतं तेच. तिथे कामापेक्षा रानात भटकणंच जास्त झालं. तिथेच त्याला आयुष्यभराचं दुसरं वेडही लागलं : मोटरसायकल. साडेतीन हॉर्सपॉवरची एनएसयू ही पहिली. नंतर सनबीम, डग्लस, स्कॉट, झेनिथ, हार्ले-डेव्हिडसनची तीन मॉडेल्स… १९५० साली स्वीडनमध्ये उप्सालाला पक्षीशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तेव्हा चौपन्नाव्या वर्षाकडे झुकलेला हा गृहस्थ आपली सनबीम बोटीत घालून युरोपला घेऊन गेला आणि तिच्यावरून, वाटेत आपटत-धोपटत, परिषदेला पोचला. तिथे बातमी पसरली की हा भारतापासून गाडी चालवत आलाय!

१९१७ साली मुंबईत परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला सुरुवात केली. फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकायला लावलं. १९१८ च्या डिसेंबरात तेहमीना यांच्याशी लग्न झालं. पण पदवी काही हाती आली नाही. झूलॉजिकल सर्व्हेत पक्षीतज्ज्ञाची जागा होती. ती पदवी नसल्यामुळे मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चरर म्हणून महिना साडेतीनशे रुपयांवर लागले. दोन वर्षांत तेच तेच करून कंटाळले. १९२८ साली रजा घेऊन बर्लिनला प्रोफेसर एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. पक्ष्याच्या पायात कडी अडकवून त्याचा प्रवास कसा शोधायचा, हे त्यांनी जर्मनीतल्या हेलिगोलँड बेटावर पाहिलं.

१९३० साली परत येतात तर काय, पैशाअभावी म्युझियममधली जागाच रद्द झालेली! वय चौतीस, पदवी नाही, नोकरी नाही, घरात बायको. मुंबईत राहणं परवडेना. तय्यबजी कुटुंबाची किहीमला समुद्राकाठी घरं होती. सालिम आणि तेहमीना किहीमला राहायला आले.

मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. दुसऱ्या कुणी वाडीत बसून अर्ज खरडले असते. यांच्या घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती आणि पावसाळ्याचे दिवस होते. हे रोज तासन्‌तास त्या घरट्यांसमोर बसायला लागले. वही, पेन्सिल आणि घड्याळ. बंदुकीचं इथे कामच नव्हतं.

सुगरण हे नाव बघा, मराठीत स्त्रीलिंगी आहे. शाळेत शिकलेल्या बहिणाबाईंमुळे सुगरण म्हटलं की कष्टाळू आईच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. गवताच्या आणि पात्यांच्या पट्ट्या आणून आधी कडं, मग वरचा घुमट. घरटं अर्धवट, हेल्मेटसारखं झालं की काम थांबतं आणि माद्यांचा घोळका पाहणीला येतो. नर पंख फडफडवून, ओरडून जाहिरात करतो. मादी आत शिरते, बघते, तपासते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर भुर्रकन पुढच्या घरट्याकडे! मादीने घरटं स्वीकारल्यावरच नर खालची लांब नळी पुरी करतो. आणि मग? मादी अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरंही. एका हंगामात एकामागून एक संसार! सालिम अलींनी किहीमला हे सगळं तारीखवार टिपलं आणि १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. हा अभ्यास आजही मूलभूत मानला जातो. मारलेल्या पक्ष्याच्या कातड्यावरून यातलं अक्षरही कळलं नसतं.

मादी घरटं तपासते, हे वाचलं तेव्हा मला आमच्या मामांची आठवण झाली. आता रिव्हॉल्व्हरची गोष्ट सांगतो. मध्येच दुसरं काय काढलं म्हणू नका, हे त्याच विषयातलं आहे.

माझे मामा वाडीत एकटेच राहतात. स्वसंरक्षणाचा रीतसर परवाना त्यांच्याकडे आहे. त्यांना एक जुनं रिव्हॉल्व्हर विकत घ्यायचं होतं. परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे त्याआधी आलेली विलायती हत्यारंच हातोहात फिरत असतात. मुंबईतल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे दोन ठेवलेली होती. मेकॅनिकलचा भाचा म्हणून मामांनी मला बरोबर नेलं. हात लावायचा प्रश्नच नव्हता. कायद्याने एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नाही, हे हॉस्टेलवरच्या हौशी मंडळींनी लक्षात ठेवावं. दुकानातला मिस्त्री तपासत होता आणि मी बघत होतो.

दोन्ही .३२ बोअरची, सहा बारांची, मध्ये मोडून उघडणारी ब्रिटिश रिव्हॉल्व्हर. एक आरशासारखं काळंभोर चमकणारं. दुसऱ्याचा रंग नळीच्या टोकाला कातडी पाकिटात घासून उडालेला, दस्त्याचा कोपरा टवका उडालेला. कुणीही पहिल्याकडेच हात नेला असता.

मिस्त्रीने आधी दोन्ही उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं पाहिलं, मामांनाही दाखवलं. मग भिंग घेऊन नंबर वाचले. फ्रेमवरचा, नळीवरचा, सिलिंडरवरचा. चमकणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचा नंबर फ्रेमशी जुळत नव्हता, म्हणजे सिलिंडर दुसऱ्याच हत्याराचं. शिवाय कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होत्या आणि स्क्रूच्या खाचा पिचलेल्या. याचा अर्थ कुणीतरी आडाण्याने ते उघडलं, पॉलिशने घासलं आणि वरून नवं ब्ल्यूइंग चढवलं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्काही घासून अर्धा गेलेला. हा शिक्का म्हणजे कारखान्याबाहेरच्या संस्थेने जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासल्याची खूण. काळ्या दारूच्या जमान्यातल्या हत्यारात आजचं धूरविरहित दारूचं काडतूस घालणं धोक्याचं असतं, म्हणून कोणती चाचणी झाली आहे ते शिक्क्यावरून वाचावंच लागतं.

त्यानंतर आली मेकॅनिकलची परीक्षा. घोडा सावकाश मागे ओढायचा आणि बघायचं की तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर आपल्या खाचेत टिक करून बसतो की नाही. एकदा नाही, सहाही घरांसाठी. उशिरा बसला तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे कपचे बाजूने उडतात. मग चाप दाबून धरून सिलिंडर हलवून बघायचं, बाजूचा खेळ किती, पुढे-मागे किती. चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे ढकलला तर पडता कामा नये. मग सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट. इथे मिस्त्रीने खिशातून काय काढलं असेल? आपलं फीलर गेज! चांगल्या रिव्हॉल्व्हरला ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. चमकणाऱ्यात ०.४ चं पान आरामात गेलं. एवढ्या फटीतून गरम वायू बाजूला निसटतो आणि गोळीचा जोर कमी होतो. शेवटी पांढरा कागद धरून उजेडात नळी आतून पाहिली. आटे कडक हवेत, खड्डे नकोत. आत कुठे काळी गोल रिंग दिसली तर समजावं की कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली गेली आणि नळी फुगली. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा बिजागर आणि वरची कडी ढिली झाली आहे का, हेही पाहिलं.

कळकट दिसणारं रिव्हॉल्व्हर या सगळ्यात पास झालं. तिन्ही नंबर एकच. आणि तोच नंबर पहिल्या मालकाच्या परवान्यापासून सगळ्या कागदांवर. मालक वारल्यावर वारसांनी ते रीतसर जमा केलं होतं, त्याची पावतीसुद्धा. मामांनी तेच घेतलं. अर्थात लगेच हातात मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाने आपलं हत्यार दुसऱ्याला विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. विक्रेत्यामार्फत घेतलं तरी नोंद घेणाऱ्याच्या परवान्यावर चढायलाच हवी. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. नंबर खोडलेलं हत्यार जवळ सापडलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो त्याच माणसाने खोडला असं कायदा धरतो.

येताना लाँचमध्ये मला मिलार्डचे ते खण आठवत होते. नंबर म्हणजे हत्याराच्या पायाला बांधलेली चिठ्ठीच की!

आता पुन्हा सालिम अलींकडे, कारण याच चिठ्ठीने त्यांच्या जवळच्या एका माणसाची पारख केली, आणि तीही फार उशिरा.

किहीमनंतर त्यांना आपलं काम सापडलं. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांत कुठले पक्षी आहेत याची नीट पाहणी कुणी केलेली नव्हती. सालिम अलींनी ती करायची तयारी दाखवली. पगार नको, तंबूचा आणि प्रवासाचा खर्च द्या, एवढंच. १९३० च्या दशकात बैलगाडी, तंबू, बंदूक आणि तेहमीनांची साथ घेऊन हे काम चाललं. इथे बंदूक पुन्हा हातात आली, पण आता ती मोजमापाचं साधन होती. पिसं फाटू नयेत म्हणून बारीक छर्रे. पक्षी पडला की त्याच दिवशी कातडं काढायचं, आणि पायात चिठ्ठी : ठिकाण, तारीख, नर-मादी, डोळ्यांचा आणि चोचीचा रंग. कारण मेल्यावर हे रंग उडून जातात, आणि चिठ्ठीत नसेल तर ते कायमचे गेले.

१९३७ साली ते अफगाणिस्तानात गेले, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्याबरोबर. ब्रिटिश सैन्यातला नावाजलेला अधिकारी, पट्टीचा नेमबाज आणि जगातल्या मोठ्या पक्षीसंग्राहकांपैकी एक. या साहेबाने आपल्या डायरीत सालिम अलींबद्दल बरंच वाईटसाईट लिहून ठेवलं होतं. पुढे ते सालिम अलींच्या वाचनात आलं, तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं. १९५४ साली या साहेबाने सुमारे वीस हजार पक्षी ब्रिटिश म्युझियमला दान केले. १९६७ साली तो वारला, मोठ्या मानाने.

आणि मग १९९० च्या दशकात अभ्यासकांनी त्याच्या संग्रहाची तपासणी सुरू केली. चिठ्ठी एक सांगते आणि पक्षी दुसरंच! पेंढा भरण्याची पद्धत, टाके, आतला कापूस हे सगळं दुसऱ्याच संग्राहकांच्या हातचं निघालं. साहेबाने संग्रहालयांतून पक्षी चोरले होते, काही उसवून नव्याने शिवले होते आणि खोट्या ठिकाणांच्या, खोट्या तारखांच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. सिलिंडर एका हत्याराचं, फ्रेम दुसऱ्याची आणि वरून चकचकीत ब्ल्यूइंग. प्रकार तोच!

यात नुकसान काय झालं ते आपल्या महाराष्ट्रातल्याच उदाहरणावरून कळेल. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही नमुना नव्हता. अपवाद एकच, माइनर्ट्झहागेनचा : १९१४, गुजरातेतलं मांडवी. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक भलत्या जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी आधी ती चिठ्ठी खोटी ठरवली. तो पक्षी जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात मारलेला होता. मग त्यांनी फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी! सालिम अली हे पाहायला नव्हते. आपला अफगाणिस्तानातला सोबती काय होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं स्वतःचं आयुष्य सोपं नव्हतं. ९ जुलै १९३९ रोजी एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीना गेल्या. ते बहिणीकडे राहायला गेले, आणि कामात बुडाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यानेच आपल्याकडे सामान्य माणसाला पक्षी बघायला शिकवलं. अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचे दहा खंड पुरे केले. भरतपूरचं पाणथळ वाचवण्यासाठी आणि केरळच्या सायलेंट व्हॅलीसाठी शब्द टाकला. पदवीविना नोकरी नाकारल्या गेलेल्या या माणसाला अलिगढ, दिल्ली आणि आंध्र या तीन विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

बंदूक मात्र त्याआधीच मागे पडली होती. १९५९ पासून सोसायटीने त्यांच्या देखरेखीखाली स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. पक्षी बारीक जाळ्यात धरायचा, मोजायचा, पायात नंबर कोरलेली हलकी कडी अडकवायची, तारीख आणि ठिकाण वहीत लिहायचं आणि सोडून द्यायचं. हजारो किलोमीटरवर सैबेरियात कुणाला तो सापडला की नंबरवरून त्याचा प्रवास कळतो. म्हणजे बघा, चिठ्ठी तीच राहिली, फक्त ती आता जिवंत पक्ष्याच्या पायात गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर एअरगनने पाखरं पाडण्याची हौसही गुन्ह्यात जमा झाली आहे.

आता थोडं आपल्याबद्दल, आणि मग थांबतो. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर मागच्या बॅचचं जर्नल रूम नंबर ते रूम नंबर फिरतं. बीमचं डिफ्लेक्शन, पंपाची एफिशियन्सी, सगळी रीडिंग्ज सुंदर अक्षरात, ग्राफही कसा गुळगुळीत. तारीख तेवढी बदलायची. सर सही करतात, वायव्हा होतो, मार्क मिळतात. कुणाचं काही बिघडत नाही असं आपल्याला वाटतं. पण प्रयोग न करता लिहिलेलं रीडिंग म्हणजे खोटी चिठ्ठी बांधलेला पक्षी आहे. उद्या यातलंच कुणीतरी बॉयलरच्या तपासणीचा रिपोर्ट लिहिणार आहे, पुलाच्या काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे आकडे भरणार आहे. त्या कागदावर विसंबून दुसरा कुणीतरी त्या पुलावरून बस नेणार आहे.

सर्टिफिकेट नसलेला एक चौतीस वर्षांचा बेकार माणूस किहीमच्या पावसात बसला होता. त्याचं जर्नल तपासायला कुणी येणार नव्हतं, मार्कही मिळणार नव्हते. तरी त्याने नराने कोणत्या दिवशी घरटं सुरू केलं, मादी कोणत्या दिवशी आली, हे जसं दिसलं तसं लिहिलं. नव्वदहून जास्त वर्षं झाली. सुगरणीवर काम करणारे आजही त्या नोंदी उघडतात आणि निश्चिंतपणे त्यावर पुढचं काम रचतात.